तुमचं लायसन्स कुठलं, तास किती, आणि हात कितपत बसलाय?

निरभ्र | १२ जानेवारी, रात्री १०:०५

इथे विमान उडवणारे पाच-सहा जण तरी आहेत, हे इतर धाग्यांवरच्या प्रतिसादांतून कळलंय. पण सगळे एका जागी कधी भेटले नाहीत, म्हणून हा धागा.

माझ्यापासून सुरुवात करतो. अमेरिकेचं प्रायव्हेट पायलट लायसन्स (पीपीएल), फीनिक्सच्या डीअर व्हॅली विमानतळावर शिकलो. नियमाने किमान ४० तास लागतात, मला परीक्षेपर्यंत ६३ लागले. आज लॉगबुकात ११८.४ आहेत, जवळजवळ सगळे सेस्ना १७२ वर. रात्रीचे ९.

एप्रिलमध्ये कायमचा पुण्याला परत येतोय. भारतात लायसन्स बदलून घेण्याचा खटाटोप इथे कोणी केलाय का, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न बाबांमुळे पडला. बाबा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर. फोनवर नेहमी विचारतात, "किती झाले?" मी तास सांगतो. परवा म्हणाले, "आकडा कळला रे. हात कितपत बसलाय ते सांग." मला काही सांगता आलं नाही. तुम्ही काय सांगाल?

दोनशे_पूर्ण | १२ जानेवारी, रात्री १०:३१

भारतातलं सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, २०४ तास, सध्या एअरलाइनच्या परीक्षा देतोय.

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अमेरिकेचं लायसन्स सोपं आहे. तिकडे एकच लेखी पेपर, ६० प्रश्न, ७० टक्क्यांना पास. आमच्याकडे नियम, नेव्हिगेशन, हवामान, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक असे पेपर, प्रत्येकात ७० टक्के, आणि रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची परीक्षा, आरटीआर, वेगळी. मला २०० तासांना तीन वर्षं लागली. पावसाळ्यात उड्डाण बंद, विमान सुट्या भागांसाठी उभं, प्रशिक्षक सोडून गेले. एकदा सलग ७१ दिवस जमिनीवर होतो. क्लबचं नाव घेत नाही.

उत्तरवारा | १२ जानेवारी, रात्री ११:१२

दोनशे_पूर्ण, तू सीपीएलची तुलना पीपीएलशी करतोयस. आधी एका पायरीवर ये :)

मी टोरांटोजवळ शिकले. कॅनडाचं पीपीएल, किमान ४५ तास, मला ७१ लागले. इथे रात्रीचं रेटिंग वेगळं घ्यावं लागतं, अमेरिकेत ते पीपीएलमध्येच येतं. उलट इथे शिकतानाच स्पिन दाखवतात, म्हणजे विमान गरगरत खाली जायला लागतं आणि तुम्ही ते बाहेर काढायचं. अमेरिकेत पीपीएलला त्याची सक्ती नाही. कोण सोपं, कोण अवघड हे असं एका वाक्यात सांगता येत नाही.

हात बसण्याबद्दल बोलायचं तर इथला हिवाळा हात बसवतो. उणे १८ ला इंजिनाला आधी हीटर लावून ठेवायचा, पंखांवरचं बर्फाचं पापुद्र्याएवढंही पांढरं हाताने पुसून काढायचं, बोटं बधिर होईपर्यंत. पण एकदा धावपट्टी सोडली की थंड, घट्ट हवेत तेच विमान असं चढतं की विचारू नका.

निरभ्र | १३ जानेवारी, सकाळी ८:२०

@दोनशे_पूर्ण, राग नाही. लेखी पेपर एकच, हे खरं. पण इथे उड्डाण परीक्षेआधी परीक्षक समोर बसवून तोंडी घेतो. माझी अडीच तास चालली. नकाशावरच्या एका जांभळ्या रेघेवरून अर्धा तास. तीन वर्षं चिकाटीने काढलीस, त्याला मात्र मनापासून दंडवत.

शेपटीचं_चाक | १३ जानेवारी, दुपारी १२:४४

धागा पाहून राहवलं नाही. वय वर्षे ७३. माझं लायसन्स १९७३ चं, नागपूरला शिकलो, पुष्पकवर.

तरुण मंडळींपैकी कोणी पुष्पक पाहिलं आहे का? हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं, पंख वर, अंगावर कापड, शेजारी शेजारी दोन सीटा, ९० अश्वशक्तीचं इंजिन. नाकाखाली चाक नाही, शेपटीला छोटं चाक. प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन सुरू करायचं. एक जण आत ब्रेक दाबून बसणार, दुसरा समोर उभा राहून ओरडणार, "स्विच ऑफ?" आतून "ऑफ!" मग दोन-तीनदा पातं फिरवून पेट्रोल आत ओढायचं. मग "कॉन्टॅक्ट!" आणि एका झटक्यात पातं खाली ओढून त्याच दमात मागे सरकायचं. सरकण्याची सवय आधी पंधरा दिवस इंजिन बंद ठेवून घोटून घेतली होती. आजही जिन्यावर कोणी हाक मारली की माझा उजवा पाय आधी मागे जातो.

शेपटीच्या चाकाचं विमान जमिनीवर टेकल्यावरही उडतच असतं, असं आमचे प्रशिक्षक सांगत. थांबेपर्यंत पाय रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या पेडलांवर, जिवंत पाहिजेत. माझे एकूण तास १४६. तुमच्यातल्या अनेकांपेक्षा कमी. पण प्रत्येक उतरणं आठवतं.

सोनचाफा | १३ जानेवारी, दुपारी १:३०

काका, __/\__

मला यातलं काही येत नाही. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला पायलट व्हायचंय. आम्हाला एका ठिकाणी ४५ लाखांच्या वर आकडा सांगितला. नातेवाईक म्हणतात मुलीसाठी एवढं कशाला. तुम्ही सगळे काय म्हणाल?

गुरुत्व | १३ जानेवारी, दुपारी २:१५

सोनचाफा ताई, पैसे भरण्याआधी मेडिकल. सीपीएलला शेवटी क्लास १ मेडिकल लागतं, त्यात डोळे, रंग ओळखणं, कान, हृदय सगळं येतं. फी भरल्यावर रंगांधळेपणा निघालेली मुलं मी पाहिली आहेत, घरच्यांचे चेहरे बघवत नाहीत. मग वयोमर्यादा: स्टुडंट लायसन्स १६ ला, सीपीएल १८ ला. फिजिक्स आणि गणित घट्ट करून घ्या. शाळा निवडताना चकचकीत ब्रोशर बघू नका. हँगरमध्ये जा आणि मोजा, किती विमानं उडण्याजोगी आहेत आणि किती मुलं रांगेत आहेत.

आणि नातेवाइकांना कॅप्टन सौदामिनी देशमुख हे नाव सांगा. १९८५ साली कलकत्ता-सिलचर फॉकर विमान, कॉकपिटमध्ये दोघीही महिला, कमांडर त्या. त्याला आता चाळीस वर्षं झाली.

मी एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) उडवतो, कॅप्टन, ६,२०० तास. निरभ्रच्या दुसऱ्या प्रश्नावर सवडीने लिहितो.

घार | १३ जानेवारी, रात्री ९:०२

मी इंजिनवालीच नाही! ग्लायडर. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला शिकले, २००९ मध्ये, कॉलेजात असताना. सायकलवरून जायचे.

आमच्याकडे कोणी तास विचारत नाही, लाँच विचारतात. माझे २१२ लाँच, आणि तास जेमतेम ४०. कारण बहुतेक उड्डाणं पाच-सात मिनिटांची. जमिनीवर दूर एक विंच असते, तिच्या ड्रमवर तारेचा दोर. दोराचं टोक ग्लायडरच्या पोटाला अडकवतात. कोणीतरी पंखाचं टोक उचलून धरतं, विंचवाला दोर ताणून घेतो, आणि मग पाठीत असा धक्का बसतो की डोकं मागे आपटतं. चार सेकंदांत जमीन सुटते, नाक आकाशाकडे. वर पोचलं की पिवळी मूठ ओढायची, दोर सुटतो. आणि मग शांतता. फक्त वाऱ्याचा आवाज. समोर काचेवर एक लोकरीचा धागा चिकटवलेला असतो, वीतभर. तो सरळ मागे वाहिला तर तुमचं विमान सरळ जातंय. तिरका झाला तर पाय चुकतोय. इतक्या उपकरणांमध्ये मला सगळ्यात जास्त विश्वास त्या लोकरीचा.

वर राहायचं तर वर जाणारी गरम हवा शोधायची. ती दिसत नाही. पण घारींना कळते. पंख न हलवता गोल फिरणारी घार दिसली की तिच्याखाली जाऊन तसंच वळायचं. एकदा मार्चमधल्या दुपारी एका घारीबरोबर २६ मिनिटं फिरले. ती दर फेरीला मान वळवून बघायची. माझा इथला आयडी तिच्यामुळे.

निरभ्र | १३ जानेवारी, रात्री ९:४०

घार, हे वाचून पुण्याला उद्याच यावंसं वाटलं.

सातवा_माळा | १३ जानेवारी, रात्री ११:५५

मी डोंबिवलीत, घरच्या सिम्युलेटरवर २,००० तासांच्या वर. योक (विमानाचं स्टिअरिंग), रडर पेडल, सगळं जोडलंय. नेटवर खरे कंट्रोलर असल्यासारखं रेडिओवर बोलणारे लोक असतात, त्यांच्याशी नियमाने बोलून उडतो. हे तास लॉगबुकात चालत नाहीत, माहीत आहे. पण हात बसण्यात याचा काही वाटा असतो का?

ऊसपट्टा | १४ जानेवारी, सकाळी ७:१०

असतो, आणि त्याची एक खोडही असते. मी बारामतीला शिकलो, आता शनिवार-रविवारी प्रशिक्षकांच्या हाताखाली असतो. सिम्युलेटरवरून आलेल्या मुलांचं रेडिओ बोलणं आणि उपकरणं वाचणं पहिल्या दिवसापासून पक्कं असतं. पण त्यांची नजर आत खिळते. आम्ही सरळ डॅशबोर्डवर नकाशा टाकून झाकतो आणि म्हणतो, आता बाहेर बघून उडव. विमान किती वळलंय ते क्षितिजावरून, वेग आवाजावरून, घसरतंय का ते बुडाखालून. हे खुर्चीवर कळत नाही. तरी ये तू, सातवा_माळा. पहिल्या दहा तासांत तुझे पैसे वाचतील, सांगून ठेवतो.

आमच्या भागात नेव्हिगेशनचं सुख काय सांगू. साखर कारखान्यांच्या चिमण्या! हंगामात प्रत्येक चिमणीचा धूर वारा कुठून कुठे वाहतोय ते लांबून सांगतो. माझ्या पहिल्या सोलो क्रॉसकंट्रीला, म्हणजे एकट्याने केलेल्या लांबच्या उड्डाणाला, होकायंत्राच्या हिशेबाने मी मार्गावर होतो. पण उजनीचं पाणी डाव्या हाताला जिथे दिसायला हवं तिथे नव्हतं. खाली बघितलं तर एका चिमणीचा धूर जमिनीला समांतर आडवा पडलेला. वारा अंदाजापेक्षा दुप्पट होता, मला सरकवत नेत होता. आठ अंश नाक वळवलं, सहा मिनिटांत पाणी दिसलं.

उजवी_सीट | १४ जानेवारी, सकाळी १०:४८

माझं लायसन्स नाही, पण नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात ९० तास उजव्या सीटवर बसले आहे. ते कुठे लिहायचे? :) पहिल्या वेळी गुळपोळ्यांचा डबा घेतला होता. त्याने तोही वजनकाट्यावर ठेवला. ६८० ग्रॅम. आज संक्रांत म्हणून आठवलं. तिळगूळ घ्या सगळ्यांनी!

घार | १४ जानेवारी, सकाळी ११:०५

गोड बोलतोच आहोत इथे! आणि वजन केलं ते योग्यच केलं त्यांनी.

गुरुत्व | १४ जानेवारी, रात्री १०:३०

आता निवांत लिहितो.

अमेरिकेत एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायला साधारण १,५०० तास लागतात. विद्यापीठातून किंवा लष्करातून आलेल्यांना थोडी सवलत आहे. भारतात आणि युरोपात दोनशे तासांच्या आसपासचं सीपीएल आणि त्या विमानाचं टाइप रेटिंग (ते ठरावीक विमान उडवण्याची पात्रता) यावर को-पायलटची सीट मिळते. यावरून दोन्हीकडे कायम वाद.

तो १,५०० चा नियम आला तो १२ फेब्रुवारी २००९ च्या बफेलोच्या अपघातानंतर. कोल्गन एअर ३४०७, ५० माणसं गेली, त्यात एक जमिनीवरचा, स्वतःच्या घरात. वेग कमी झाला, विमानाने स्टॉलचा, म्हणजे पंखांचा आधार सुटण्याचा, इशारा दिला, आणि नाक खाली ढकलण्याऐवजी मागे ओढलं गेलं. नियम २०१३ ला लागू झाला. पण त्या कॉकपिटमधल्या दोघांचेही तास १,५०० पेक्षा जास्त होते. एकाचे ३,३०० च्या वर, दुसऱ्याचे २,२०० च्या वर. तास कमी होते म्हणून ते घडलं नाही. थकवा, प्रशिक्षणातल्या फटी, कॉकपिटमधली शिस्त, यांची चर्चा चौकशीत जास्त झाली.

म्हणून मी नव्या को-पायलटला तास विचारत नाही. पहिल्या दिवशी चहा घेताना विचारतो, "शेवटचा मागे कधी फिरलास?" म्हणजे मुक्कामाला न पोचता परत आलास, किंवा उतरता उतरता पुन्हा वर गेलास, किंवा निघालाच नाहीस. ज्याला पटकन आठवतं, त्याच्याबरोबर माझा दिवस शांत जातो.

माझं सांगतो. गेल्या जुलैत किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर पाऊस, धावपट्टी दिसली, परत दिसेनाशी झाली. ठरलेल्या उंचीवर दिसली नाही म्हणजे नाही. वर गेलो. दुसऱ्या प्रयत्नालाही तेच. दुसऱ्या विमानतळावर उतरवलं. ६४ प्रवासी चिडलेले, एका काकूंची पुढची गाडी चुकली. त्यांची मनापासून माफी मागितली.

शेपटीचं_चाक | १५ जानेवारी, सकाळी ६:५०

गुरुत्व, फार मोलाचं लिहिलंत.

थोडं अवांतर, पण तासांच्या हिशेबात बसतं. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला लायसन्स मिळालं, भारतात दिलेलं पहिलं, नंबर १. त्याच सुमारास आगाखानांनी बक्षीस लावलं, इंग्लंड-भारत अंतर एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनीअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला दिले. शर्यत अ‍ॅस्पी जिंकला, आणि पुढे हवाई दलाचा प्रमुख झाला. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं ते सगळ्यांना माहीत आहे. वयाच्या ७८ व्या वर्षी, १९८२ ला, तेच उड्डाण पुन्हा केलं. मला मात्र ते प्लग जास्त आठवतात.

माझं मागे फिरणं: १९७४, मे महिना, नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मित्राला घेऊन निघालो. अर्धी पट्टी संपली तरी शेपटी नीट उचलेना. थ्रॉटल मागे ओढला. मित्र उतरला, मी एकटा गेलो. तो आजही बोलून दाखवतो.

दोनशे_पूर्ण | १५ जानेवारी, सकाळी ९:१५

काका, आणि गुरुत्व सर, मुलाखतीत हा प्रश्न आला तर काय सांगायचं यावर रात्रभर विचार केला. माझ्याकडे एक आहे. सोलो क्रॉसकंट्री, ३०० सागरी मैलांचं, सीपीएलसाठी सक्तीचं. चार महिने त्याची वाट बघितली होती. पहिल्या टप्प्यावर उतरलो, पुढे धुरकट हवा, दृश्यमानता पाच किलोमीटरच्या आत. निघालो नाही. पुन्हा नंबर लागायला सात आठवडे गेले. तेव्हा रडलो होतो. हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, वाटायचं सांगितलं तर कच्चा म्हणतील.

आणि निरभ्र, "सोपं" म्हणालो ते मागे घेतो.

गुरुत्व | १५ जानेवारी, सकाळी ९:४०

हेच सांग मुलाखतीत. असंच, सात आठवड्यांसकट.

निरभ्र | १५ जानेवारी, रात्री ९:२५

माझं आता लिहितो. सेडोना म्हणून इथे एक विमानतळ आहे, लाल डोंगराच्या सपाट माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ४,८३० फूट. पट्टीच्या दोन्ही टोकांना कडा. जुलैत दोन मित्रांना तिथे जेवायला नेतो म्हणालो होतो. सकाळी आकडे मांडले. दुपारी तिथे ३८ अंश, म्हणजे हवा साडेआठ हजार फुटांवर असावी तशी पातळ. इंजिनाला दम नाही, पंखाला आधार नाही. उतरणं जमलं असतं. तिघांना घेऊन परत निघणं पुस्तकातल्या तक्त्यात जेमतेम बसत होतं, आणि तो तक्ता नव्या विमानाचा. मित्र पार्किंगमध्ये येऊन थांबले होते. मी नाही म्हटलं. गाडीने गेलो, दोन तास.

गुरुत्वचा प्रतिसाद वाचून आज हेच बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आंबा घाटात धुक्यात मी गाडी तासभर उभी केलेली, तेव्हा लोक शिव्या घालत होते. तुझी आई गाडीत होती. तिनेही घातल्या." ही गोष्ट मला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कळली.

उजवी_सीट | १५ जानेवारी, रात्री ९:५०

आईंचीही बाजू ऐकायला आवडेल :)

ऊसपट्टा | १६ जानेवारी, सकाळी ७:३०

निरभ्र, तुझा पहिला प्रश्न राहूनच गेला. माझ्या मित्राने अमेरिकेचं सीपीएल इथे बदलून घेतलं, त्याच्यावरून सांगतो. तुझं लायसन्स खरं आहे याची पडताळणी अमेरिकेच्या एफएएकडून (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) मागवावी लागते. तो अर्ज तिथून निघायच्या आधीच कर. इथे नियमांचा पेपर, नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्र पेपर, मेडिकल, आरटीआर. पीपीएलला नेमकं काय काय लागतं ते डीजीसीएच्या (आपल्याकडची विमान वाहतूक नियामक संस्था) संकेतस्थळावर ताजं बघून घे, नियम बदलत असतात. लॉगबुकाची प्रत्येक ओळ स्वच्छ, सह्या पूर्ण. मूळ प्रत हातातल्या बॅगेत, सामानात नाही. अमेरिकन लायसन्सला मुदत नसते, दर २४ महिन्यांनी फ्लाइट रिव्ह्यू दिला की तिकडे गेल्यावर उडता येईल. त्यामुळे ते जपून ठेव.

भाड्याने विमान घेऊन रविवारी फिरून येणं इथे तिकडच्याइतकं सोपं नाही, हे आधीच सांगतो. अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) महाग, परवानग्या जास्त. पण बंद नाही.

निरभ्र | ९ मार्च, रात्री ११:१०

धागा वर काढतोय. पडताळणीचा अर्ज केला. आरटीआरचं पुस्तक मागवलं.

बाबा-आई महिनाभरासाठी आले आहेत. काल सकाळी बाबांना घेऊन गेलो. मी तपासणी यादी घेऊन विमानाभोवती फिरत होतो, ते माझ्या मागे मागे. मी टायर डोळ्यांनी बघितला आणि पुढे गेलो. ते खाली बसले, मुठीने टायर ठोकून आवाज ऐकला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तोही ठोकला. "हं," म्हणाले. ५० मिनिटं उडालो. एकदाही बोलले नाहीत, दोन्ही हात मांडीवर. उतरताना आडवा वारा होता, शेवटच्या क्षणी झुळूक आली, विमान पट्टीच्या मधल्या रेषेवरून सरकलं. मी थ्रॉटल दिला आणि पुन्हा वर गेलो. दुसऱ्या खेपेला नीट टेकलं. इंजिन बंद केल्यावर म्हणाले, "पहिल्यांदा सोडून दिलंस ते बघितलं मी."

लॉगबुकात १२१.३. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: प्रवासी बाबा, एक गो-अराउंड.

२२ एप्रिलला पुण्यात पोचतोय. ऊसपट्टा, व्यक्तिगत निरोप केलाय.

ऊसपट्टा | १० मार्च, सकाळी ६:४५

बघितला. २६ ला रविवार आहे, साडेसहाला बारामतीत पोच. नंतर ऊन चढतं. बाबांनाही आण, टायर ठोकायला आमच्याकडे चार विमानं आहेत.